खोडदची शांतता आणि सोन्याच्या अणूंची टक्कर

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : एका दुर्बिणीसाठी आमची रेल्वे का अडवायची? प्रश्न रागाचा आहे आणि रागाला कारणही आहे. पुणे, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, नाशिक असा सुमारे २३५ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग आखला गेला. काही गावांत भूसंपादनही सुरू झाले. टोमॅटो, कांदा, बटाटा आणि द्राक्षे पिकवणाऱ्या या पट्ट्याला पहिल्यांदाच रेल्वे मिळणार होती. मग खोडदच्या ‘जीएमआरटी’ या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात या मार्गामुळे अडथळा येईल, असा आक्षेप पुढे आला. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी हेच कारण जाहीरपणे सांगितले आणि मार्ग नारायणगावऐवजी शिर्डीच्या बाजूने नेण्याचे ठरले. मूळ मार्गच हवा, ही मागणी अजून थांबलेली नाही.

या वादात दुर्बिणीची बाजू बहुतेक वेळा ‘देशाची प्रतिष्ठा’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय प्रकल्प’ एवढ्या दोन शब्दांत आटोपली जाते. ज्याच्या शेतापासून स्टेशन दूर गेले, त्याचे समाधान एवढ्याने व्हावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. ही दुर्बीण कोणत्या प्रश्नाच्या मागे आहे आणि त्या प्रश्नाला शांतता का लागते, हे त्याला नीट सांगायला हवे. त्यासाठी आज अणुभौतिकीतला एकच प्रश्न घेऊ. त्याचे नाव ‘सममिती ऊर्जा’. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जर्मनीत सोन्याचे अणुगर्भ एकमेकांवर आपटतात, जपानमध्ये कथलाचे आपटतात, अमेरिकेत शिशावर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. आणि त्याच उत्तराचा दुसरा अर्धा भाग आकाशातल्या मेलेल्या ताऱ्यांकडे आहे. त्या ताऱ्यांचा आवाज ऐकणारा जगातला एक चांगला कान खोडदला आहे.

दोन घाटांची गोष्ट

अणूच्या गर्भात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. हलक्या मूलद्रव्यांत त्यांची संख्या साधारण सारखी असते. कार्बनमध्ये सहा प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन, ऑक्सिजनमध्ये आठ आणि आठ. निसर्गाला ही बरोबरी आवडते. का आवडते?

नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर पायऱ्यांचे घाट आहेत, असे समजा. एका घाटावर फक्त प्रोटॉनांनी बसायचे, दुसऱ्यावर फक्त न्यूट्रॉनांनी. प्रत्येक पायरीवर ठरावीकच जागा. पाण्याजवळची पायरी सर्वांत कमी ऊर्जेची, वर चढावे तशी ऊर्जा वाढत जाते. माणसे दोन्ही घाटांवर सारखी वाटली गेली, तर सगळ्यांचे खालच्या पायऱ्यांवर भागते. सगळे एकाच घाटावर गेले, तर पुष्कळांना नाइलाजाने वरच्या पायऱ्या गाठाव्या लागतात. शिवाय प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यातली ओढ दोन न्यूट्रॉनांमधल्या ओढीपेक्षा जास्त असते; म्हणजे मिश्र वस्तीत बांधणी घट्ट होते. ही बरोबरी मोडून पदार्थ केवळ न्यूट्रॉनांचा करायचा, तर दर कणामागे जी जादा ऊर्जा मोजावी लागते, तिला सममिती ऊर्जा म्हणतात.

साध्या अणुगर्भाच्या घनतेला हा आकडा साधारण ३२ एमईव्ही, म्हणजे ३२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, एवढा येतो. युरेनियमचे विखंडन होते तेव्हा दर कणामागे जेमतेम एक एमईव्ही ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढ्यावर अणुभट्ट्या चालतात, हे लक्षात घेतले की ३२ या आकड्याचे वजन कळते.

शिशासारख्या जड अणुगर्भात मात्र न्यूट्रॉन जास्त असतात : ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन. प्रोटॉन एकमेकांना विद्युतभाराने दूर ढकलतात, त्यामुळे त्यांची गर्दी निसर्गाला परवडत नाही. न्यूट्रॉनांचा हा जादा साठा कुठे राहतो? काही प्रमाणात पृष्ठभागावर. शिशाच्या अणुगर्भाभोवती न्यूट्रॉनांची एक पातळ साल असते. या सालीची जाडी आणि सममिती ऊर्जा यांचे जवळचे नाते आहे.

खरा पेच पुढे आहे. साध्या घनतेला सममिती ऊर्जा किती, हे बऱ्यापैकी माहीत आहे; पण पदार्थ दाबून दुप्पट किंवा तिप्पट दाट केला, तर ती किती वेगाने वाढते? शास्त्रज्ञ या चढाला ‘एल’ हे अक्षर देतात. चढ तीव्र असेल तर न्यूट्रॉनांनी भरलेला पदार्थ दाबाला कडक विरोध करतो. चढ सौम्य असेल तर तो सहज दबतो. गेली वीसेक वर्षे अणुभौतिकीतला एक मोठा गट या एका चढाच्या मागे लागला आहे.

पिकलेला टोमॅटो आणि सोन्याचा गर्भ

दाट पदार्थ तपासायचा तर आधी तयार करावा लागतो. पृथ्वीवर त्याचा एकच मार्ग आहे : जड अणुगर्भ वेगाने एकमेकांवर आपटणे. जर्मनीतल्या डार्मश्टाट गावी ‘जीएसआय’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे २०११ साली ‘एसी-ईओएस’ या प्रयोगात सोन्याचे अणुगर्भ प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के वेगाने सोन्याच्याच पातळ पत्र्यावर सोडले गेले. टक्कर होते तेव्हा क्षणभर नेहमीच्या अणुगर्भाच्या साधारण दुप्पट घनतेचा गोळा तयार होतो. तो किती काळ टिकतो? एका सेकंदाचे एकावर बावीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागाएवढा. त्यात डोकावून पाहणे शक्य नाही. बाहेर उडालेल्या कणांवरूनच आत काय घडले हे ओळखायचे.

इथे ‘प्रवाह’ कामाला येतो. दोन गर्भ बहुतेक वेळा अगदी समोरासमोर आपटत नाहीत, थोडे बाजूने घासून जातात. मधला भाग चेपला जातो आणि दोन्हीकडचे न आपटलेले तुकडे क्षणभर वाट अडवून धरतात. पिकलेला टोमॅटो दोन तळहातांमध्ये दाबून पाहा. रस तळहातांच्या दिशेने जात नाही, मधल्या फटीतून वर-खाली उडतो. चेपलेला अणुपदार्थही असाच मोकळ्या दिशेने जोरात बाहेर पडतो. या दिशाभेदाला लंबवर्तुळी प्रवाह म्हणतात. आतला दाब जेवढा जास्त, तेवढी ही पिचकारी जोरदार.

आता या पिचकारीत दोन प्रकारचे कण आहेत : न्यूट्रॉन आणि प्रोटॉन. सममिती ऊर्जा न्यूट्रॉनांना बाहेर ढकलते आणि प्रोटॉनांना आत ओढते. चढ तीव्र असेल तर न्यूट्रॉनांची पिचकारी प्रोटॉनांच्या मानाने अधिक जोरदार दिसेल; चढ सौम्य असेल तर फरक कमी पडेल. म्हणून संशोधकांनी दोन प्रवाहांचे गुणोत्तर मोजले. गुणोत्तराचा फायदा असा की, टक्कर किती जोराची होती, गोळा किती तापला, यांबद्दलच्या चुका दोन्ही बाजूंना सारख्याच असतात आणि बऱ्याच अंशी कटून जातात. बाजारात दोन वाटाण्याच्या गोण्या एकाच तराजूवर तोलल्या, तर तराजू थोडा चुकीचा असला तरी कोणती गोणी जड हे बरोबर कळते, तसेच हे.

काम सोपे नव्हते. न्यूट्रॉनाला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो उपकरणातून खूण न सोडता निघून जाऊ शकतो. त्याला पकडायला मोठी, जाडजूड भिंतीसारखी उपकरणे लागतात. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : चढ साधारण ७२ एमईव्ही, १३ इकडे-तिकडे. म्हणजे फार तीव्रही नाही, फार सौम्यही नाही. जपानच्या रायकेन संस्थेत कथलाच्या वेगवेगळ्या समस्थानिकांची टक्कर घडवून, त्यातून निघणाऱ्या पायॉन कणांवरून २०२१ साली मिळालेले उत्तर ४२ ते ११७ एमईव्ही अशा रुंद पट्ट्यात पडले.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेने शिशाच्या न्यूट्रॉन-सालीचे मोजमाप जाहीर केले. साल अपेक्षेपेक्षा जाड निघाली : सुमारे ०.२८ फेम्टोमीटर. एक फेम्टोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. या जाडीवरून चढ शंभराच्या पलीकडे जातो. मग पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेने त्याच पद्धतीने कॅल्शियमची साल मोजली, तर ती पातळ निघाली आणि तिचा कौल सौम्य चढाच्या बाजूने गेला. एकाच हाताने घेतलेल्या दोन मोजमापांचे आपसांत नीट जुळेना.

यात कोणी खोटे बोलत नाही. चूक-मर्यादा मोठ्या आहेत. टकरीच्या प्रयोगांतून आकडा काढायला संगणकावर टक्कर पुन्हा ‘खेळावी’ लागते आणि त्या प्रतिरूपांत गृहीतके असतात. साक्षीदार प्रामाणिक असले तरी त्यांच्या साक्षी पुऱ्या जुळत नसतील, तर न्यायाधीश काय करतो? वेगळ्या ठिकाणाहून घटना पाहिलेला आणखी एक साक्षीदार शोधतो.

मंचर ते आळेफाटा एवढा तारा

तो साक्षीदार आकाशात आहे. सूर्यापेक्षा कितीतरी जड तारा आयुष्याच्या शेवटी स्फोट होऊन मरतो, तेव्हा त्याच्या गाभ्यातून न्यूट्रॉन तारा उरू शकतो. त्याचे वजन सूर्याच्या दीडपट आणि व्यास मात्र चोवीस-पंचवीस किलोमीटर. मंचरपासून आळेफाट्यापर्यंतच्या पट्ट्यात तो बसेल. त्याच्या गाभ्यातला चमचाभर पदार्थ शंभर कोटी टनांहून जड भरेल. हा पदार्थ प्रामुख्याने न्यूट्रॉनांचा आहे, म्हणजे आपल्या गोष्टीतले जवळजवळ सगळे लोक एकाच घाटावर बसलेले. त्यामुळे ताऱ्याचा आकार बऱ्याच अंशी सममिती ऊर्जेच्या चढावर ठरतो. चढ तीव्र असेल तर तारा थोडा फुगलेला, सौम्य असेल तर थोडा आवळलेला.

शिशाच्या सालीची जाडी आणि या ताऱ्याची त्रिज्या यांच्यात एकावर एकोणीस शून्यांहून अधिक पटींचा फरक आहे. तरी दोन्हींमागे कारण एकच आहे. डार्मश्टाटमधला क्षणभराचा गोळा आणि कोट्यवधी वर्षे फिरत राहणारा तारा एकाच नियमाने वागतात का, हे तपासून पाहता येते, हीच या विषयाची गंमत आणि हाच त्याचा कस.

तपासणी सुरूही झाली आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वलहरी अमेरिकेतल्या ‘लायगो’ आणि इटलीतल्या ‘व्हर्गो’ या वेधशाळांनी टिपल्या. आदळण्यापूर्वी तारे एकमेकांच्या ओढीने किती ताणले गेले, यावरून ते फार फुगलेले नव्हते असा निष्कर्ष निघाला. अंतराळ स्थानकावरच्या ‘नायसर’ दुर्बिणीने क्ष-किरणांवरून काही ताऱ्यांची त्रिज्या बारा-तेरा किलोमीटरच्या आसपास मोजली. २०२२ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने जड अणूंच्या टकरींतले प्रवाह आणि आकाशातली निरीक्षणे एकाच गणितात बसवून दाखवली. सूर्याच्या १.४ पट वजनाच्या न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या त्यातून सुमारे १२ किलोमीटर निघाली, पाऊण किलोमीटर इकडे-तिकडे. सोन्याच्या टकरीने आकाशातल्या ताऱ्याचे माप घेण्यास मदत केली, असे म्हणायला आता हरकत नाही.

यात खोडद कुठे?

प्रामाणिकपणे सांगायचे तर खोडदची दुर्बीण सममिती ऊर्जा थेट मोजत नाही. ती त्या खटल्यातले साक्षीदार शोधून आणते आणि त्यांची उलटतपासणी करते.

न्यूट्रॉन तारा फिरताना त्याच्या ध्रुवांजवळून रेडिओलहरींचा झोत बाहेर पडतो. झोत पृथ्वीवरून गेला की एक ठोका ऐकू येतो. अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात. पहिला पल्सार १९६७ साली जोसेलिन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थिनीला सापडला. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभारली. चौदा तबकड्या मध्यभागी आहेत, उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरल्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे एका न्यूट्रॉन ताऱ्याएवढेच. पत्र्याच्या भरीव तबकडीऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून त्यांनी खर्च कमी केला. मीटरभर लांबीच्या लहरींसाठी एवढी जाळी पुरते आणि वाराही तिच्यातून निघून जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातर्फे ही दुर्बीण चालते आणि २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांना खुली आहे.

२००४ साली या दुर्बिणीने ‘एनजीसी १८५१’ या तारकागुच्छात सेकंदाला सुमारे दोनशे वेळा फिरणारा एक पल्सार शोधला. तो एका जोडीदाराभोवती फार लांबट कक्षेत फिरतो. अशा जोड्या महत्त्वाच्या असतात, कारण ठोक्यांच्या वेळा वर्षानुवर्षे नोंदवल्या की ताऱ्याचे वजन काढता येते. जास्तीत जास्त वजनाचा न्यूट्रॉन तारा किती जड असू शकतो, यावर आतल्या पदार्थाचा कडकपणा ठरतो. सूर्याच्या दुप्पट वजनाचे पल्सार सापडले, तेव्हा फार मऊ पदार्थाची कित्येक गणिते एका फटक्यात बाद झाली.

काही पल्सार मध्येच एकदम किंचित वेगाने फिरू लागतात. या झटक्यामागे ताऱ्याचे कवच आणि त्याच्या आतला द्रवरूप न्यूट्रॉनांचा थर यांच्यातली देवाणघेवाण असते, आणि कवच किती जाड हे पुन्हा सममिती ऊर्जेवर ठरते. असे झटके उटीची रेडिओ दुर्बीण आणि खोडद मिळून टिपत आले आहेत. २०१७ च्या त्या ताऱ्यांच्या टकरीनंतर मागे राहिलेला मंद रेडिओ प्रकाशही खोडदने कमी वारंवारतेला पाहिला. २०२३ च्या जून महिन्यात, अतिशय संथ गुरुत्वलहरींच्या खुणा सापडल्याचे जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले. त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय पल्सार गटाची खोडदची निरीक्षणे होती. रेडिओलहरी अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांमधून येताना कमी वारंवारतेला जास्त रेंगाळतात. ती दिरंगाई बारकाईने मोजण्यात खोडदचा हात धरणारे जगात फार थोडे आहेत.

ठिणगी कुठे पडते?

आता रेल्वेकडे वळू. ‘नारायणगावात मोबाइल टॉवर आहेत, महामार्गावर हजारो गाड्या धावतात, मग रेल्वेचेच वावडे का?’ हा प्रश्न रास्त आहे.

पहिली गोष्ट, दुर्बीण कोणतीही लहर बाहेर सोडत नाही, ती फक्त ऐकते. तिच्यापासून माणसाला, जनावराला किंवा पिकाला अपाय होण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट, ती जे ऐकते ते अतिशय क्षीण असते. चंद्रावर एखादा साधा मोबाइल फोन चालू ठेवला, तर तो या दुर्बिणीला आकाशातल्या बहुतेक सगळ्या रेडिओ स्रोतांपेक्षा ठळक दिसेल. मोबाइल टॉवरची वारंवारता ठरलेली असते. तेवढा पट्टा सोडून बाकीचे ऐकता येते. रेल्वेची अडचण वेगळी आहे. विजेवर धावणारी गाडी २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत जाते. गाडीवरची पट्टी आणि तार यांच्यात क्षणभर संपर्क सुटला की ठिणगी पडते. ठिणगीचा रेडिओ आवाज एका पट्ट्यात मावत नाही, सगळ्या वारंवारतांवर पसरतो. वीजवाहिन्यांवरच्या अशा ठिणग्यांचा त्रास खोडदच्या अभियंत्यांना जुनाच आहे आणि तो गाळण्यासाठी त्यांनी संगणकीय चाळण्याही बसवल्या आहेत. पण चाळणी लावली की चाळाबरोबर थोडे धान्यही जाते. त्यात गाडीतली यंत्रणा, सिग्नल आणि शेकडो प्रवाशांचे फोन यांची भर.

हा परिसर निवडण्यामागे शांतता हेच मोठे कारण होते. शहरी गोंगाटापासून दूर, चोहोबाजूंनी डोंगरांची आड, आणि तरीही पुण्याहून दोन तासांवर. त्याआधी १९७१ मध्ये जवळच आर्वीला देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र आले, त्यामागेही अशीच कारणे होती. भिंग बदलता येते, संगणक बदलता येतो; ही शांतता एकदा गेली की विकत घेता येत नाही. खोडदच्या दुर्बिणीचा सर्वांत महाग भाग तबकडी नाही, तिच्याभोवतीचा गप्प बसलेला मुलूख आहे.

किंमत कोणी मोजायची?

आणि इथेच दुर्बिणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी थांबून विचार केला पाहिजे. हा मुलूख आपोआप गप्प बसलेला नाही, त्याला गप्प बसवले आहे. दुर्बिणीच्या परिसरात उद्योगांवर बंधने आहेत. आता रेल्वेही दूर गेली. शोधनिबंधावर संशोधकांची नावे छापली जातात; शांततेचा खर्च सोसणाऱ्या गावांचे नाव कुठेच येत नाही. डार्मश्टाटच्या प्रयोगाचे बिल सरकारे भरतात. खोडदच्या शांततेच्या बिलातला एक हप्ता मात्र नारायणगावच्या टोमॅटोवाल्याकडून आणि मंचरच्या भाजीवाल्याकडून वसूल होतो, आणि त्याला त्याची पावतीही मिळत नाही.

अमेरिकेत ग्रीन बँक दुर्बिणीभोवती १९५८ पासून रेडिओ-शांत क्षेत्र आहे. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खास कायदाच केला. म्हणजे शांतता राखणे हा काही आपला हट्ट नाही. पण जे राष्ट्रासाठी राखायचे, त्याचा भार दोन-चार तालुक्यांवर टाकून मोकळे होणेही न्यायाचे नाही.

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, रेल्वेमुळे किती गोंगाट होईल याची मोजमापे आणि गणिते मराठीत, लोकांना समजतील अशी, गावोगावच्या ग्रामपंचायतींसमोर ठेवावीत. अंतर वाढले की गोंगाट झपाट्याने कमी होतो, मधला डोंगर तो आणखी अडवतो, बोगदा तर जवळजवळ गिळून टाकतो. मग किती किलोमीटर अंतर पुरेल, कोणता टप्पा बोगद्यातून नेता येईल, याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देऊ नये, आकड्यांत द्यावे. सोन्याच्या टकरीत न्यूट्रॉन किती जोरात उडाले हे जे विज्ञान सांगू शकते, त्याला हे सांगणे जड नाही.

दुसरी, मार्ग दूरच न्यायचा असेल, तर त्या बदल्यात या पट्ट्याला काय मिळणार हे त्याच निर्णयात लिहिले जावे. चाकणची कोंडी फोडणारा महामार्ग, शीतगृहे, मालवाहतुकीची सोय, यांतले काहीही उपकार म्हणून नको. शांततेचे भाडे म्हणून हवे.

तिसरी, शाळा-महाविद्यालयांबद्दलची. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला मोठे विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या गावांतली मुले तबकड्या जवळून पाहतात. हे चांगलेच आहे, पण ती दोन दिवसांची जत्रा न राहता वर्षभराचा रस्ता व्हायला हवा. जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींना इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि भौतिकशास्त्राच्या प्रशिक्षणाची कायमची सोय दुर्बिणीच्या दारातच मिळायला हवी.

कारण काम संपत आलेले नाही, उलट आता वाढणार आहे. डार्मश्टाटला ‘फेअर’ हे नवे, मोठे त्वरक संकुल उभे राहत आहे. त्यात भारत भागीदार आहे आणि तिथे अणुपदार्थ आणखी दाट चेपला जाईल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारायला केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या ‘एसकेए’ या महादुर्बिणीतही भारत सामील झाला आहे, आणि तिची पूर्वतयारी खोडदलाच झाली. सममिती ऊर्जेचा चढ किती, याचे पक्के उत्तर येत्या दशकात मिळाले तर त्यात डार्मश्टाटचा एक आकडा असेल, औंढ्याचा एक असू शकेल आणि खोडदने ऐकलेल्या ठोक्यांचाही एक असेल.

‘एका दुर्बिणीसाठी रेल्वे का अडवायची?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : जगातले सगळे पदार्थ कोणत्या नियमाने बांधले गेले आहेत, हे ऐकण्याची जागा पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि त्यातली एक आपल्या तालुक्यात आहे. ती राखली पाहिजे. पण ती राखणाऱ्याला राखणीचे मोलही मिळाले पाहिजे. शेत राखणाऱ्याला कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.